नेबर फुल, पण राउट गायब: अननंबर्ड लिंकवर वारंवार येणाऱ्या अडचणी

लिंक अप आहे. लाइन प्रोटोकॉल अप आहे. ओएसपीएफचा, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याच्या प्रोटोकॉलचा, नेबर फुल दाखवतोय. तरीही पलीकडच्या राउटरमागचं एकही नेटवर्क राउटिंग टेबलात नाही. इंटरफेस शट आणि नो शट करून झालं, ओएसपीएफची प्रोसेस क्लिअर करून झाली, केबल बदलून झाली, काहीच फरक नाही. किंवा दुसरा प्रकार: महिनोन्‌महिने सुरळीत चाललेली लिंक अचानक आयपीपुरती मरते, थोड्या वेळाने आपोआप जिवंत होते, आणि लॉगमध्ये त्या लिंकबद्दल संशय घ्यावा असं काही सापडत नाही.

पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर स्वतंत्र आयपी पत्ता न देता राउटरच्याच दुसऱ्या इंटरफेसचा पत्ता उसना घेतला असेल, म्हणजे लिंक अननंबर्ड असेल, तर या दोन्ही प्रकारांची कारणं ठरावीक असतात आणि ती शोधायची जागाही ठरलेली असते. एकदा दुरुस्त केलेली तक्रार काही महिन्यांनी त्याच रूपात परत येते, कारण लक्षण बरं होतं पण मूळ समज तशीच राहते. म्हणून आधी ती समज, मग एकेक अडचण.

पत्ता लिंकचा नाही, राउटरचा

पॉइंट-टू-पॉइंट लिंकला दोनच टोकं असतात. एका टोकाने टाकलेलं पॅकेट दुसऱ्या टोकालाच निघतं, त्यामुळे "हे कोणाला द्यायचं?" हा प्रश्नच येत नाही. पॅकेट पुढे ढकलण्यासाठी त्या इंटरफेसला पत्ता लागतच नाही. पत्ता लागतो तो राउटर स्वतः पॅकेट तयार करतो तेव्हा: ओएसपीएफचा हॅलो (शेजाऱ्याला आपण असल्याचं कळवणारं पॅकेट), पिंगचं उत्तर, आयसीएमपीची चूक-सूचना, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलचा ट्रॅप. या पॅकेटांवर पाठवणारा म्हणून काहीतरी लिहावं लागतं. तेवढ्यासाठी दुसऱ्या इंटरफेसचा पत्ता वापरायचा, एवढीच ही सोय.

सिस्कोच्या राउटरांवरच्या आयओएस सॉफ्टवेअरमध्ये ती अशी दिसते (लूपबॅक म्हणजे केबल नसलेला, राउटरच्या आतला काल्पनिक इंटरफेस):

इंटरफेस लूपबॅक ०
आयपी ॲड्रेस १०.२५५.०.१ २५५.२५५.२५५.२५५
इंटरफेस सीरियल ०/०
आयपी अननंबर्ड लूपबॅक ०
इंटरफेस सीरियल ०/१
आयपी अननंबर्ड लूपबॅक ०

समोरच्या राउटरचा लूपबॅक १०.२५५.०.२, आणि त्याच्याही सीरियल इंटरफेसवर तसंच. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पत्ता वाटून घेतला जातो तो एकाच राउटरच्या अनेक इंटरफेसमध्ये. लिंकच्या दोन टोकांवर एकच पत्ता नसतो. दोन्ही टोकांचे पत्ते वेगळे असतात, आणि ते एका सबनेटमधले असण्याचीही गरज नाही. जुनिपरवर हेच काम फॅमिली इनेटखाली "अननंबर्ड-ॲड्रेस एलओ०.०" असं लिहून होतं, अरिस्टावर "आयपी ॲड्रेस अननंबर्ड लूपबॅक ०" असं. शब्द बदलतात, कल्पना तीच.

बचत किती? २० राउटर आणि त्यांच्यात ४० लिंक धरा. प्रत्येक लिंकला /३०, म्हणजे ४ पत्त्यांचं सबनेट, दिलं तर १६० पत्ते जातात. /३१, म्हणजे २ पत्त्यांचं सबनेट, दिलं, ज्याची सोय डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ या इंटरनेट मानदंडाने केली, तर ८०. अननंबर्ड केलं तर २० लूपबॅकचे फक्त २०. शिवाय ४० लिंकांची ४० सबनेटं राउटिंग टेबलात येत नाहीत, हा मला पत्त्यांच्या बचतीपेक्षा मोठा फायदा वाटतो.

मात्र या सोयीची एक अट आहे. पत्ता आता राउटरची ओळख आहे, लिंकची नव्हे. खाली येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण कोणीतरी, मग तो माणूस असो, प्रोटोकॉल असो किंवा देखरेखीचं सॉफ्टवेअर, त्या पत्त्याला लिंकचा पत्ता समजल्यामुळे होते.

नेबर फुल, राउट नाही

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी हीच तक्रार, त्यामुळे ती सविस्तर.

ओएसपीएफच्या आवृत्ती २ चा मानदंड आरएफसी २३२८, एप्रिल १९९८ चा. त्यात हॅलो पॅकेटमधला सबनेट मास्क तपासायचा नियम आहे, पण पॉइंट-टू-पॉइंट लिंक आणि व्हर्च्युअल लिंक यांना त्यातून सूट आहे. म्हणून एका टोकाला १९२.१६८.१२.१/३० असा स्वतःचा पत्ता आणि दुसऱ्या टोकाला उसना पत्ता, अशी विजोड लिंक असली तरी हॅलो स्वीकारला जातो, डेटाबेसची देवाणघेवाण होते आणि नेबर फुल होतो. इथेच आपली फसगत होते. फुल म्हणजे "दोघांचा डेटाबेस सारखा झाला" एवढंच. त्या डेटाबेसमधून रस्ता निघेलच असा त्याचा अर्थ नाही.

खरा फरक राउटर एलएसएमध्ये, म्हणजे प्रत्येक राउटर स्वतःच्या लिंकांबद्दल सगळ्यांना पाठवतो त्या वर्णनात, असतो. प्रत्येक राउटर आपल्या प्रत्येक लिंकबद्दल एक नोंद लिहितो आणि तिच्यात लिंक डेटा नावाचं एक खातं असतं. लिंकला पत्ता असेल तर तिथे त्या इंटरफेसचा आयपी येतो. अननंबर्ड असेल तर तिथे इंटरफेसचा क्रमांक, म्हणजे एसएनएमपीतला इफ-इंडेक्स येतो. हा क्रमांक पडद्यावर आयपीसारखाच छापला जातो, ०.०.०.७ असा. एक टोक म्हणतं "ही लिंक १९२.१६८.१२.१", दुसरं म्हणतं "ही लिंक ७ नंबरची". एकाच लिंकचं दोन बाजूंनी केलेलं वर्णन जुळत नाही, आणि आयओएस त्या राउटरकडे जाणारा रस्ता मोजणीत धरत नाही.

पुरावा डेटाबेसमध्येच मिळतो:

शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर १०.२५५.०.२

या उत्तरात वरच्या भागात "ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल" असा शेरा दिसला, तर राउट का नाही हे कळलं. मग दोन्ही राउटरांच्या एलएसए शेजारी ठेवायच्या, एकमेकांकडे जाणाऱ्या लिंकची नोंद शोधायची आणि लिंक डेटा पाहायचा. एकीकडे ०.०.०.७ सारखा आकडा आणि दुसरीकडे खराखुरा पत्ता असेल तर निदान पूर्ण. खात्रीसाठी दोन्ही टोकांना "शो आयपी इंटरफेस सीरियल ०/०" चालवावं. अननंबर्ड टोकावर "इंटरफेस इज अननंबर्ड" आणि त्यापुढे कुठल्या इंटरफेसचा पत्ता वापरला आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

उपाय एकच: दोन्ही टोकं सारखी करा. दोन्ही अननंबर्ड, नाहीतर दोन्हीला पत्ते.

पण ही तक्रार परत का येते? कारण विजोड जोडी सहसा नवीन कॉन्फिग लिहिताना तयार होत नाही, जुनी परत आणताना होते. राउटर बिघडला, बदली राउटर आणला, बॅकअप लोड केला, आणि तो बॅकअप लिंक अननंबर्ड करण्याच्या आधीचा निघाला. किंवा एका टोकाचं कॉन्फिग नव्या टेम्पलेटमधून आलं, दुसऱ्याचं हाताने लिहिलेलं राहिलं. म्हणून लिंक अननंबर्ड केल्यावर दोन्ही राउटरांचा बॅकअप त्याच बैठकीत घ्यायचा, हा भाग कधीही टाळू नये.

हेच लक्षण दाखवणारं दुसरं कारण आहे आणि इथरनेटवर तेच जास्त सापडतं. ओएसपीएफ इथरनेटला आपणहून ब्रॉडकास्ट प्रकारचं, म्हणजे अनेक टोकं असू शकणारं, नेटवर्क मानतो. एका टोकाला "आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट" लिहिलं आणि दुसऱ्या टोकाला राहिलं, तरी दोन्ही प्रकारांचा हॅलो १० सेकंदांचा आणि डेड (हॅलो न आल्यास शेजारी गेला असं मानायची मुदत) ४० सेकंदांचाच असल्यामुळे वेळेच्या आकड्यांवरून काही उघडकीला येत नाही. दोन्ही टोकांना एकाच सबनेटचे पत्ते असले तर नेबर फुलही होतो. पण एका टोकाची एलएसए म्हणते "माझी लिंक दुसऱ्या राउटरकडे जाते" आणि दुसऱ्याची म्हणते "माझी लिंक ट्रान्झिट, म्हणजे अनेक राउटरांच्या सामायिक, नेटवर्ककडे जाते". पुन्हा तेच: नेबर आहे, राउट नाही. पत्ता असलेली इथरनेट लिंक अननंबर्ड करायच्या तयारीत ही पायरी हमखास अर्धवट सुटते. "शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस" मध्ये नेटवर्क टाइप दोन्हीकडे पाहिला की उलगडा होतो. नॉन-ब्रॉडकास्ट किंवा पॉइंट-टू-मल्टिपॉइंट असता तर हॅलो ३० सेकंदांचा असतो, वेळ जुळली नसती आणि नेबरच झाला नसता. किमान लपवाछपवी तरी झाली नसती.

नेबर एक्सस्टार्ट या फुलच्या आधीच्या पायरीवर अडकला असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटाचा कमाल आकार, पाहा, त्याचा उसन्या पत्त्याशी संबंध नाही.

नेबर मुळातच दिसत नसेल तर बहुधा त्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालूच नाही. आयओएसवर नेटवर्क ही कमांड, जी कुठल्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालवायचा ते ठरवते, उसन्या पत्त्याशी जुळवली जाते. १०.२५५.०.१ नेटवर्क कमांडच्या कक्षेत आला की लूपबॅक आणि तो पत्ता उसना घेणारे सगळे इंटरफेस एकदम ओएसपीएफमध्ये येतात, आणि एकाच एरियात, म्हणजे ओएसपीएफ नेटवर्कच्या एकाच भागात, येतात. एक लिंक एरिया ० मध्ये आणि दुसरी एरिया ५ मध्ये हवी असेल तर दुसरा लूपबॅक तयार करून त्या लिंकसाठी त्याचा पत्ता उसना घ्यावा. तेवढा एक पत्ता जास्त गेला तरी चालतो.

ईआयजीआरपी आणि रिप हे दुसरे राउटिंग प्रोटोकॉल याबाबतीत जास्त सरळ आहेत. विजोड लिंकवर ईआयजीआरपी लॉगमध्ये "नॉट ऑन कॉमन सबनेट" असं सांगून मोकळा होतो. रिप पत्ता असलेल्या टोकावर आलेला अपडेट परक्या सबनेटचा म्हणून टाकून देतो, आणि डीबग लावलं की ते दिसतं. रिपसाठी "नो व्हॅलिडेट-अपडेट-सोर्स" ही पळवाट आहे, पण लिंक दोन्हीकडून सारखी करणं केव्हाही बरं.

मूळ इंटरफेस पडला की लिंकही पडते

आता दुसरा प्रकार, मध्येच मरणाऱ्या लिंकचा.

पत्ता कुठल्याही इंटरफेसचा उसना घेता येतो, त्यामुळे अनेक ठिकाणी तो लॅनच्या इथरनेटवरून घेतलेला असतो. तिथे पत्ता आधीच होता, वेगळा लूपबॅक कशाला, असा विचार त्यामागे असतो. चालतंही. पण ज्या इंटरफेसचा पत्ता घेतला तो अप असेपर्यंतच. लॅनचा स्विच बंद झाला, केबल निघाली, पोर्ट शट झाला, की लॅन इंटरफेस डाउन होतो आणि त्याचा पत्ता वापरणाऱ्या सगळ्या लिंकांवरचं आयपी थांबतं. सीरियलची लाइन अप, कॅरिअर ठीक, मोडेमचे दिवे हिरवे, आणि पिंग मात्र नाही. लिंक देणाऱ्याकडे तक्रार नोंदवली जाते, ते लाइन तपासून "आमच्याकडून सगळं ठीक" म्हणतात, आणि ते खरंच बरोबर असतात.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे वेळ. त्या ठिकाणचं लॅन पडलेलं असताना दुरून राउटरवर लॉगिन करून पाहण्याची गरज सर्वाधिक असते, आणि नेमका तेव्हाच तो राउटर दुरून मिळत नाही.

तपासायचं असं: ओएसपीएफचा नेबर पडल्याची वेळ आणि लॅन इंटरफेस डाउन झाल्याची वेळ लॉगमध्ये शेजारी लावा. दोन्ही दर वेळी एकत्र येत असतील तर केबलच्या मागे धावण्याची गरज नाही. उपाय म्हणजे लूपबॅक. तो कोणीतरी हाताने शट करेपर्यंत पडत नाही. मी तर असं म्हणेन की भौतिक इंटरफेसवरून पत्ता उसना घेतलेला दिसला, की आज तक्रार असो वा नसो, तो बदलायच्या यादीत टाकावा.

बदलताना दोन बारकावे आहेत. जो इंटरफेस स्वतःच अननंबर्ड आहे त्याचा पत्ता पुढे उसना घेता येत नाही. आणि मूळ इंटरफेसवर दुय्यम पत्ते असतील तर राउटरच्या स्वतःच्या पॅकेटांवर मुख्य पत्ताच जातो, त्यामुळे समोरच्या बाजूच्या ॲक्सेस लिस्टमध्ये (कुठली पॅकेटं येऊ द्यायची त्या यादीत) दुय्यम पत्त्याला परवानगी देऊन उपयोग होत नाही. लॅनचा पत्ता सोडून लूपबॅकवर आलात की ॲक्सेस लिस्ट, एसएनएमपीची परवानगी, सिसलॉग सर्व्हरवरची नोंद, सगळीकडे नवा पत्ता टाकावा लागतो. हे राहिलं की "लिंक सुधारली पण देखरेख बंद पडली" अशी नवी तक्रार सुरू होते.

आणखी एक जपायची गोष्ट: कॉन्फिग नक्कल करताना लूपबॅकचा पत्ता बदलायचा राहणं. अननंबर्ड नेटवर्कमध्ये राउटरची सगळी ओळख त्या एका पत्त्यावर उभी असते आणि ओएसपीएफचा राउटर आयडीही सहसा तोच असतो. दोन शेजाऱ्यांचा राउटर आयडी एक असेल तर त्यांच्यात नेबर होतच नाही आणि लॉगमध्ये डुप्लिकेट राउटर आयडीची सूचना येते.

टनेल दर काही सेकंदांनी वर-खाली

जीआरई टनेल, म्हणजे एका पॅकेटाच्या आत दुसरं घालून नेणारी काल्पनिक लिंक, हीही पॉइंट-टू-पॉइंट लिंकच, आणि तिथे अननंबर्ड फार सोयीचं पडतं. पण तिथेच एक चक्र तयार होतं जे बाहेरून पाहताना लाइन खराब असल्यासारखं वाटतं: टनेल अप होतो, नेबर बनतो, काही सेकंदांत टनेल डाउन, पुन्हा अप, पुन्हा डाउन. लॉगमध्ये "टेम्पररिली डिसेबल्ड ड्यू टू रिकर्सिव्ह राउटिंग" अशी ओळ दिसते.

काय होतं ते क्रमाने पाहू. टनेलचा सोर्स लूपबॅक ० आहे, डेस्टिनेशन समोरचा १०.२५५.०.२ आहे आणि टनेल इंटरफेसने पत्ताही लूपबॅक ० चाच उसना घेतला आहे. सुरुवातीला १०.२५५.०.२ कडे जायचा रस्ता डीफॉल्ट राउटने (दुसरा नेमका राउट नसेल तेव्हाच्या) मिळतो, टनेल उभा राहतो. आता टनेलवर ओएसपीएफ हवा म्हणून नेटवर्क कमांडमध्ये १०.२५५.०.१ घेतला. तो पत्ता घेताच टनेलबरोबर लूपबॅकही ओएसपीएफमध्ये गेला. समोरच्यानेही तेच केलं. मग समोरचा राउटर टनेलमधून कळवतो: "१०.२५५.०.२/३२ माझ्याकडे आहे." /३२, म्हणजे एकाच पत्त्याचा राउट, डीफॉल्टपेक्षा नेमका, म्हणून तोच जिंकतो. आता टनेलच्या बाहेरच्या पॅकेटाने १०.२५५.०.२ कडे जायचं तर टनेलमधूनच जायचं. टनेल स्वतःच्याच आत शिरायला लागतो, राउटर ते ओळखून टनेल पाडतो. टनेल पडला की /३२ जातो, डीफॉल्ट परत कामाला येतो, टनेल उठतो, आणि फेरा पुन्हा सुरू.

लूपबॅक वेगळे करा. वाहतुकीसाठी, म्हणजे टनेलच्या सोर्स आणि डेस्टिनेशनसाठी, एक लूपबॅक. उसना देण्यासाठी दुसरा. पहिला लूपबॅक टनेलवरच्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये कधीच येऊ द्यायचा नाही, त्यासाठी नेटवर्क कमांड नेमकी, ०.०.०.० वाइल्डकार्डने एकाच पत्त्यापुरती लिहायची. पत्त्यांचा तुटवडा असेल तर समोरच्या डेस्टिनेशनसाठी भौतिक इंटरफेसमधून जाणारा /३२ स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, राउटही चालतो. स्टॅटिक ओएसपीएफच्या आधी मानला जातो, त्यामुळे चक्र तुटतं. पण दर नव्या टनेलला हा स्टॅटिक आठवणीने घालावा लागतो, आणि न विसरण्यावर अवलंबून असलेला उपाय मला पुरेसा वाटत नाही. दोन लूपबॅक, हाच टिकाऊ मार्ग.

स्टॅटिक राउट आणि नेक्स्ट हॉप

अननंबर्ड लिंकवर समोरचा पत्ता आपल्या कुठल्याच जोडलेल्या सबनेटमध्ये नसतो. त्यामुळे नेक्स्ट हॉप, म्हणजे वाटेतला पुढचा राउटर, म्हणून फक्त १०.२५५.०.२ लिहिला तर त्याचा रस्ता राउटरला दुसरीकडून शोधावा लागतो. ओएसपीएफने तो कळवला असेल तर स्टॅटिक चालतो, आणि ओएसपीएफ पडला की स्टॅटिकही टेबलातून निघून जातो. बॅकअप म्हणून ठेवलेला स्टॅटिक ऐन गरजेला नसतो तो असा.

सीरियल लिंकवर स्टॅटिकमध्ये इंटरफेसचं नाव लिहावं, तेवढं पुरतं. इथरनेटवर नुसतं नाव पुरत नाही: राउटर प्रत्येक दूरच्या पत्त्यासाठी वेगळी एआरपी विचारणा (या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता) करतो, ती समोरच्याच्या प्रॉक्सी एआरपीमुळे, म्हणजे त्याने इतरांच्या वतीने उत्तर दिल्यामुळे, चालून जाते, आणि सुरक्षेसाठी कोणीतरी प्रॉक्सी एआरपी बंद केलं की सगळं ठप्प. इथरनेटवर नाव आणि नेक्स्ट हॉप दोन्ही लिहा.

"त्याच कॉन्फिगवर एक लिंक चालते, दुसरी नाही" असं कोणी म्हणालं तर एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे लिंकवर पॅकेट कुठल्या वेष्टणात जातं ते, पाहा. पीपीपीमध्ये आयपीसीपीच्या बोलणीत समोरचा पत्ता कळतो आणि आयओएस त्याचा /३२ राउट थेट जोडलेला म्हणून टेबलात घालतो. एचडीएलसीमध्ये अशी बोलणीच नाही, त्यामुळे तो राउटही नाही. पीपीपीचा हा आपोआप येणारा राउट नको असेल तर इंटरफेसवर "नो पीअर नेबर-राउट" लिहावं.

लिनक्सच्या राउटरवर याच ठिकाणी "नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे" अशी चूक दिसते, कारण कर्नलला गेटवे कुठल्याच जोडलेल्या सबनेटमध्ये सापडत नाही. राउट घालताना इंटरफेसच्या नावासोबत "ऑनलिंक" हा शब्द जोडला की तो मान्य होतो.

लिनक्सवरचा दुसरा त्रास आरपी-फिल्टरचा, म्हणजे पॅकेट आलं त्याच इंटरफेसमधून पाठवणाऱ्याकडे आपला रस्ता जातो का ते पाहणाऱ्या तपासणीचा. दोन राउटरांत दोन अननंबर्ड लिंक आहेत आणि एकीचा कॉस्ट जास्त आहे असं धरा. समोरचा एखादं पॅकेट महाग लिंकवरून पाठवतो, पण त्याच्या लूपबॅककडे जायचा आपला चांगला रस्ता स्वस्त लिंकवरून आहे. फिल्टर १ वर, म्हणजे कडक असेल तर पॅकेट गुपचूप टाकलं जातं. इंटरफेसवर ० लिहूनही फरक पडत नाही, कारण कर्नल "ऑल" आणि त्या इंटरफेसच्या आकड्यांतला मोठा आकडा धरतो. "ऑल" मध्ये १ असेल तर ० हरतो. इंटरफेसवर २, म्हणजे सैल तपासणी, लिहावी. २ हा १ पेक्षा मोठा असल्याने तोच लागू होतो.

पिंग आणि ट्रेसराउट यांच्यावर किती विसंबायचं

लिंकच्या पत्त्याला पिंग करून लिंक तपासायची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेली आहे. अननंबर्ड लिंकवर ती सोडावी लागते. १०.२५५.०.२ ने उत्तर दिलं म्हणजे तो राउटर कुठल्यातरी मार्गाने पोचतोय, एवढंच कळतं. थेट लिंक बंद असून वळसा घालून उत्तर आलेलं असू शकतं. पिंगवर चालणारी देखरेख अशा वेळी हिरवी राहते आणि दुसरी लिंकही पडल्यावरच कळतं की पहिली केव्हाची गेलेली होती. ट्रेसराउटचंही तसंच: दोन समांतर लिंकांपैकी कुठलीही वापरली तरी पायरीवर तोच एक पत्ता.

म्हणून लिंकची तब्येत लिंकच्याच पातळीवर विचारायची. इंटरफेसची अवस्था एसएनएमपीने, पीपीपीचा एको किंवा एचडीएलसीचा कीपअलाइव्ह, त्या इंटरफेसवरचा ओएसपीएफ नेबर, आणि वेगाने कळायला हवं असेल तर बीएफडी हा लिंक पडल्याचं पटकन ओळखणारा प्रोटोकॉल, ज्याचा मानदंड आरएफसी ५८८० हा २०१० चा. प्रत्येक इंटरफेसवर डिस्क्रिप्शन लिहिणं इथे सजावट नाही. पत्ता सारखा असताना लिंक ओळखायला माणसाकडे तेवढंच उरतं.

एसएनएमपीने मोजताना इफ-इंडेक्स रीबूटनंतर किंवा नवं कार्ड बसवल्यावर बदलू शकतो आणि आलेख अदलाबदल होऊन भलत्याच लिंकचा वापर दाखवायला लागतात. आयओएसवर "एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट" लिहून तो कायम ठेवावा.

बीजीपी

एक्स्टर्नल बीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या स्वायत्त नेटवर्कांमधला राउटिंग प्रोटोकॉल, नेबर जोडलेल्या सबनेटमध्ये आहे का ते पाहतो, आणि उसना पत्ता तिथे सहसा नसतो, म्हणून सत्र आयडलमध्येच राहतं. समोरचा राउटर खरोखर एकाच पायरीवर असेल तर "डिसेबल-कनेक्टेड-चेक" लिहावं, सोबत अपडेट सोर्स लूपबॅक. टीटीएल, म्हणजे पॅकेटाला किती पायऱ्या जाता येतं तो आकडा, वाढवणारं मल्टिहॉपही चालतं, पण मग सत्र वळसा घालूनही टिकतं आणि लिंक पडल्याचं बीजीपीला कळत नाही. डेटा सेंटरमध्ये ज्याला बीजीपी अननंबर्ड म्हणतात ते वेगळं: तिथे आयपीव्ही६ चा लिंक-लोकल पत्ता नेक्स्ट हॉप असतो. त्याचा आधार आरएफसी ५५४९, २००९ चा, आणि त्याची जागा घेणारा आरएफसी ८९५०, २०२० चा.

इथरनेट, आणि नको तिथे अननंबर्ड

जुन्या आयओएसवर इथरनेटला "आयपी अननंबर्ड" लिहिलं की "पॉइंट-टू-पॉइंट इंटरफेसेस ओन्ली" अशा अर्थाचा नकार येतो. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर आधी "मीडियम पी२पी" लिहावं लागतं. मध्ये स्विच असलेल्या इथरनेटवर तिसरं टोक जोडलं जाण्याची शक्यता कायम असते, आणि तिथे मी पत्ता उसना घेणार नाही. खासगी पत्ते भरपूर आहेत, लिंक मोजक्या आहेत आणि काम करणारे लोक पिंगवर चालणारे आहेत, अशा ठिकाणी /३१ जास्त समजूतदार. अननंबर्डची खरी जागा अनेक टनेल, अनेक शाखा आणि टेम्पलेटमधून येणारं कॉन्फिग असलेल्या नेटवर्कमध्ये.

चालू लिंक दुरून बदलताना

पत्ता असलेली लिंक दुरून अननंबर्ड करायची असेल तर क्रमाला फार महत्त्व आहे. लॉगिन लिंकच्या पत्त्यावर नको, लूपबॅकवर करा. दोन्ही राउटरांचं चालू कॉन्फिग आधी सेव्ह करून घ्या. मग दूरच्या राउटरवर "रिलोड इन १०" लावा आणि तिथला इंटरफेस आधी बदला. तो बदलताच लिंक विजोड होते, राउट जातात आणि तुमचं सत्र तुटतं. हे अपेक्षित आहे, घाबरून काही करू नका. आता जवळचं टोक बदला. दोन्ही टोकं सारखी झाली की राउट परत येतात. जवळचं टोक आधी बदललं असतं तर दूरच्या टोकापर्यंत पोचायला रस्ताच उरला नसता.

राउट आले नाहीत तर जवळचा बदल मागे घ्या आणि थांबा. १० मिनिटांत दूरचा राउटर रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. आले तर दूरच्या राउटरवर लॉगिन करा, डेटाबेसमध्ये नॉट-रीचेबल शेरा नाही ना आणि दोन्ही एलएसएंच्या लिंक डेटात इंटरफेसचा क्रमांकच आहे ना ते पाहा, "रिलोड कॅन्सल" द्या आणि त्यानंतरच दोन्हीकडे सेव्ह करा.